दिरांची डबी आणि तुमची वाटी

पत्र थोडक्यात असं:

“वय ६६, निवृत्त शिक्षिका. २०१० मध्ये माझा उजव्या खुब्याचा सांधा बदलला. काही दुखत नाही, रोज पाऊण तास चालायचे. गेल्या महिन्यात थोरल्या दिरांकडे गेले होते. त्यांचा खुबा १९९१ मध्ये बदलला होता आणि २००४ मध्ये पुन्हा उघडावा लागला. तेव्हा काढलेली प्लास्टिकची वाटी सर्जननी त्यांना दिली, ती त्यांनी डबीत जपून ठेवली आहे. डबी उघडून दाखवली. वाटी पिवळी पडलेली, काठाचा टवका उडालेला आणि डबीच्या तळाशी पांढरट भुकटी. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. भाचा म्हणतो, शरीरात प्लास्टिक सडतं. नव्या सांध्यांत ई जीवनसत्त्व घालतात म्हणून त्याने मला त्याच्या गोळ्या आणून दिल्या. झीज वाचावी म्हणून मी चालणं निम्म्यावर आणलं आहे, जिनाही टाळते. दुखायला लागण्याआधीच सांधा बदलून घ्यावा का? २०१३ नंतर मी दाखवायला गेलेले नाही, कारण ‘दुखलं तर या’ असं सांगितलं होतं.”

ताई, नमस्कार.

आधी त्या गोळ्यांचं बघू, ते काम लवकर उरकतं. भाच्याला परत द्या. ई जीवनसत्त्व घातलेल्या वाट्या असतात हे खरं, पण ते कारखान्यातच प्लास्टिकच्या अंगात मुरवलेलं असतं. तुम्ही गिळलेली गोळी रक्तात जाईल, यकृतात जाईल, वाटीत जाऊन बसणार नाही. घर बांधून झाल्यावर दारात सिमेंटचं पोतं आणून ठेवल्यासारखं आहे ते. शिवाय रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल, तर जास्त मात्रेतलं ई जीवनसत्त्व उलट अंगाशी येऊ शकतं.

आता एक कबुली. मी डॉक्टर नाही. माझी नोकरी प्लास्टिक तपासण्याची होती आणि त्यातली बरीच वर्षं शरीरातून काढलेले सांधे कापून बघण्यात गेली. त्यामुळे वाटीबद्दल मी खात्रीने बोलेन. तुमच्या खुब्याबद्दल मात्र शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

दिरांची वाटी मी न बघताही ओळखतो. तिच्या बहिणी माझ्या टेबलावरून पुष्कळ गेल्या. आतली बाजू, जिथे धातूचा गोळा फिरतो, ती काचेसारखी गुळगुळीत. काठ मात्र खरखरीत, नख लावलं तर पापुद्रा सुटेल असा. पिवळ्या रंगाचा बाऊ करू नका. सांध्यातल्या पाण्यात स्निग्ध पदार्थ असतात, ते प्लास्टिक शोषून घेतं आणि पिवळं पडतं. चांगल्या वाट्याही पिवळ्या होतात. खरी गोष्ट कापल्यावर कळते. वाटी मधोमध चिरायची, मग मायक्रोटोमच्या, म्हणजे अतिपातळ काप काढणाऱ्या यंत्राच्या, पात्याने ०.२ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढायचा आणि उजेडापुढे धरायचा. वाटी धड असेल तर पापुद्रा सगळीकडे सारखा, दुधी काचेसारखा दिसतो. दिरांच्या पिढीच्या वाटीत मात्र पृष्ठभागाच्या एक-दोन मिलिमीटर खाली, काठाला समांतर असा एक पांढरा पट्टा दिसायचा. पातं तिथे पोचलं की पापुद्रा सलग निघत नसे, चुरा व्हायचा. मी तो पट्टा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही वाटलं होतं की शरीराने प्लास्टिक खाल्लं.

शरीराने खाल्लेलं नव्हतं. सडायला जंतू लागतात, आणि खुब्यातल्या या प्लास्टिकचं जंतूंशी काही देणंघेणं नसतं. त्याला होतं ते ऑक्सिडेशन. तेल खवट होतं, उन्हातली रबराची नळी तडकते, त्यातलाच हा प्रकार. आणि दिरांच्या वाटीत त्याची सुरुवात झाली होती ती बहुधा त्यांच्या शरीरात जाण्याच्याही आधी, पाकिटात.

हे प्लास्टिक म्हणजे अल्ट्रा हाय मॉलेक्युलर वेट पॉलिएथिलीन. डॉक्टर मंडळी नुसतं ‘पॉली’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. पिशव्यांचं पॉलिएथिलीन आणि हे, दोन्ही कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या. पॉलीत मऊपणासाठी मिसळलेली रसायनंही नसतात, त्यामुळे ‘त्यातून काही झिरपेल का’ ही भीती काढून टाका. फरक आहे तो साखळीच्या लांबीत. पॉलीच्या एका साखळीत दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त कार्बन अणू एकामागोमाग एक ओवलेले असतात. साखळी एक मिलिमीटर जाडीचा दोरा मानली, तर तो दोरा साधारण ६० मीटर लांब होईल. असे अब्जावधी दोरे एकमेकांत गुंतलेले. पॉलीचा चिवटपणा येतो तो या गुंत्यातून. दोरे तुटून आखूड झाले की गुंता सुटतो आणि चिवटपणाही जातो.

ते तुटतात कशाने? सांधा जंतुविरहित करावाच लागतो. वाफेच्या उष्णतेत पॉलीचा नेमका आकार बिघडतो, म्हणून कित्येक वर्षं गॅमा किरणांचा मारा हाच रिवाज होता, २५ ते ४० किलोग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) इतका. जंतू मरायचे, पण किरण जाता जाता साखळ्याही तोडायचे आणि तुटक्या टोकांना ‘मुक्त मूलकं’ सोडून जायचे. मुक्त मूलक म्हणजे हात रिकामा असलेला अणू, जो मिळेल त्याला धरतो. आणि पाकिटात होती साधी हवा. ऑक्सिजन आयता हाताशी. एक मूलक ऑक्सिजनला धरतं, शेजारच्या साखळीतून हायड्रोजन ओढतं, तिथे नवं मूलक तयार होतं, तेही ऑक्सिजन शोधायला लागतं. दरम्यान साखळ्या तुटतच राहतात. वाटी कपाटात जितकी वर्षं पडून, तितकी ती शरीरात जाण्याआधीच म्हातारी. मग शरीरात ३७ अंशांची ऊब आणि सांध्याच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मिळाला की उरलेलं काम पुढे चालू.

टवका काठाचाच का उडाला, हे यावरून लक्षात येईल. गोळा जिथे दाबून बसलेला असतो तिथे पाण्याला फारसा शिरकाव नसतो. काठ मात्र चोवीस तास भिजलेला. तिथे ऑक्सिडेशन जास्त होतं आणि त्यात पाय जास्त वळवला की मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याची मान, म्हणजे गोळ्याखालचा बारीक भाग, काठावर आपटते. ठिसूळ काठ ते किती दिवस सोसणार.

१९९५ च्या आसपास कारखान्यांनी ही रीत सोडायला घेतली. कुणी किरणच नकोत म्हणून वायूने निर्जंतुक करू लागलं, कुणी किरण ठेवले पण पाकिटातली हवा काढून नायट्रोजन भरला किंवा निर्वात पाकीट केलं. दिरांची वाटी १९९१ ची, तुमची २०१० ची. त्या दोन वर्षांच्या मध्ये हा बदल येतो. म्हणून दिरांच्या डबीत स्वतःचं भविष्य बघू नका, असं मी म्हणतो. पण एवढ्यावर तुम्हाला मोकळं सोडत नाही, कारण दिरांचा खुबा २००४ मध्ये निव्वळ टवका उडाला म्हणून उघडला असेल असं मला वाटत नाही. त्यांना विचारा, सर्जन ‘हाड विरघळलंय’ असं काही बोलले होते का. बहुतेक हो म्हणतील.

इथे मूळ गोष्टीकडे जावं लागतं. खुब्यात प्लास्टिकची वाटी बसवण्याचं श्रेय इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलचे सर्जन जॉन चार्नली यांचं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आधी टेफ्लॉन वापरलं, कारण त्याहून निसरडं काही नव्हतं. सुमारे ३०० रुग्ण, सुरुवातीला सगळे खूश. तीन-चार वर्षांत टेफ्लॉनच्या वाट्या झिजून गोळे आत घुसले आणि भोवती झिजलेल्या कणांचे गठ्ठे साचले. एकेकाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. त्याच सुमारास एक विक्रेता यंत्रमागाच्या दंतचक्रांसाठी वापरायच्या नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. तो तुकडा म्हणजे पॉली. चार्नलींना त्यात राम वाटला नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परगावी असताना तो झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही तो टेफ्लॉनच्या एका दिवसाइतका झिजला नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिली पॉलीची वाटी रुग्णाच्या खुब्यात बसली. (मला या गोष्टीतले क्रेव्हनच जास्त आवडतात. साहेबांनी नको म्हटलेला तुकडा यंत्रावर चढवायला धाडस लागतं.)

चार्नली स्वतःही काही कमी नव्हते. दोन्ही प्लास्टिकची पूड त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून घेतली आणि वाट बघितली. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागत होत्या, पॉलीच्या जागी जवळजवळ काहीच नाही. निष्कर्ष त्या वेळी बरोबर वाटला. पण मांडीत एकदा टाकलेली चिमूटभर पूड वेगळी आणि खुब्यात पावलागणिक वर्षानुवर्षं पडत राहणारी पूड वेगळी.

किती पडते, याचा हिशेब करून दाखवतो. जुन्या पॉलीची झीज वर्षाला सरासरी ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीएवढी. २८ मिलिमीटरचा गोळा असेल तर ती होते सुमारे ६० घन मिलिमीटर. ऐकायला क्षुल्लक. पण बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात, आणि माणूस एका पायावर वर्षाला साधारण दहा लाख पावलं टाकतो. भागाकार केला की एका पावलामागे कण निघतात ते लाखांत. हे कण आपल्या भक्षक पेशी गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. पचेना म्हणून त्या रासायनिक हाकाटी सुरू करतात. ती ऐकून हाड कुरतडणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि वाटीभोवतीचं हाड आतून पोखरलं जातं. यालाच डॉक्टर ऑस्टिओलिसिस म्हणतात. १९७०-८० च्या दशकांत याचं खापर हाडात भरलेल्या सिमेंटवर फुटलं, ‘सिमेंटचा आजार’ असं नावही पडलं. मग बिनसिमेंटचे सांधे आले आणि त्यांच्याभोवतीही तशीच भोकं दिसली. तेव्हा कुठे पॉलीच्या पुडीकडे बोट गेलं.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ याच संदर्भातली आहे. ‘दुखलं तर या.’ ताई, हाड पोखरलं जाताना सहसा दुखत नाही. कित्येकांचं हाड बरंच गेलेलं असतं आणि ते आरामात चालत असतात. दुखायला लागतं ते वाटी हलायला लागली किंवा हाड मोडलं की, आणि तोवर दुरुस्तीला धरायला पुष्कळदा पुरेसं हाडच उरलेलं नसतं. बारा-तेरा वर्षं एक्स-रेचा एकही फोटो नाही, ही तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट आहे.

आता तुमची वाटी. जुन्या पॉलीची एक खोड होती. एकाच दिशेने घासलं तर तिच्या साखळ्या त्या दिशेने ओळीत लागतात आणि झीज जवळजवळ थांबते. पण ओळीत लागलेले धागे आडवे ओढले की फाटतात. खुबा चालताना सरळ रेषेत हलत नाही, प्रत्येक पावलात त्याचे माग एकमेकांना छेदतात. सुरुवातीची काही तपासणी यंत्रं पॉली एकाच दिशेने मागे-पुढे घासायची आणि ‘झीज नगण्य’ असा अहवाल द्यायची. यंत्र खोटं नव्हतं, प्रश्न चुकीचा विचारलेला होता.

उपाय सापडला तो आधीच्या गुन्हेगाराकडेच. गॅमा किंवा इलेक्ट्रॉन किरण, पण या वेळी ऑक्सिजनला बाजूला ठेवून आणि मात्रा वाढवून, ५० ते १०० किलोग्रेपर्यंत. ऑक्सिजन नसला की तुटकी टोकं एकमेकांचा हात धरतात. साखळीला साखळी आडवी बांधली जाते, सुटे धागे होते तिथे जाळं तयार होतं. याला म्हणतात क्रॉसलिंक्ड पॉली. १९९८-९९ पासून ती रुग्णांत बसू लागली. अशा वाट्यांत वर्षाची झीज ०.०५ मिलिमीटरच्या खाली राहते, पुष्कळदा त्याहून बरीच कमी. आणि ०.०५ च्या खाली हाड पोखरलं जाणं फार क्वचित दिसतं. वीस वर्षांचा पाठपुरावा झालेल्या रुग्णांतही हेच चित्र टिकलंय.

या वाट्यांची एक गंमत सांगतो. लेथवर घडवताना वाटीच्या आत बारीक गोल रेघा उमटतात, भिंगातून दिसणाऱ्या. दुसऱ्या काही कारणाने काढाव्या लागलेल्या क्रॉसलिंक्ड वाट्यांत त्या रेघा वर्षांनंतरही कित्येकदा जागच्या जागी दिसत. काहींत दबून सपाट झालेल्या असत. आपण म्हणणार, झिजल्या. पण अशी वाटी वितळण्याच्या तापमानापलीकडे गरम केली की रेघा पुन्हा वर येतात! जाळ्याला आपला मूळचा आकार आठवतो. म्हणजे पॉली तिथून गेलेलीच नव्हती, नुसती दबली होती. एक्स-रेवर पहिल्या एक-दोन वर्षांत गोळा थोडा आत गेलेला दिसतो, त्यातला बराचसा भाग हाच दबण्याचा असतो.

फुकटात काही मिळत नाही. जाळं बांधलं की पॉली झीज छान सोसते, पण तडा जायला थोडी जास्त राजी होते. किरणांनंतर उरलेली मूलकं घालवायला काही कारखाने पॉली वितळवून थंड करायचे. मूलकं संपत, ताकद थोडी उतरे. काही जण वितळण्याच्या जरा अलीकडेच थांबायचे. ताकद टिके, पण थोडी मूलकं शिल्लक राहत. २००७ पासून तिसरी वाट आली, मूलकांना गप्प करायला ई जीवनसत्त्व, जे भाच्याने ऐकलं. तुमची २०१० ची वाटी क्रॉसलिंक्ड असेल, तर तिच्यात या तिन्हींतलं काहीही असू शकतं. वितळवलेल्या पॉलीत मूलकं नाहीत म्हणजे ती कधीच म्हातारी होणार नाही, असंही आम्हाला एकेकाळी वाटत होतं. पुढे काढलेल्या काही वाट्यांत थोडं ऑक्सिडेशन सापडलं. शोषलेले स्निग्ध पदार्थ आणि पावलांचा रोजचा दाब नवी मूलकं घडवतात, असा त्याचा अर्थ लागतो. पण माप दिरांच्या वाटीच्या जवळपासही नाही. क्रॉसलिंक्ड वाट्यांचे काठ मोडल्याच्या घटनाही आहेत, बहुतेक ठिकाणी वाटी फार उभी बसली होती किंवा काठ फार पातळ होता.

आणि पाकिटाचा धडा सगळे शिकले असंही नाही. एका अमेरिकी उत्पादकाने २०२१-२२ मध्ये गुडघ्याचे, घोट्याचे आणि खुब्याचे पॉलीचे भाग परत मागवले. कारण काय, तर २००४ पासूनच्या कित्येक पाकिटांत ऑक्सिजन अडवणारा एक थरच नव्हता.

म्हणून माझं पहिलं सांगणं, कागद शोधा. शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत एका पानावर तीन-चार चिकटपट्ट्या डकवलेल्या असतात. एक हाडात बसवलेल्या धातूच्या कवचाची, एक आतल्या पॉलीच्या लायनरची (म्हणजे आपण जिला वाटी म्हणतोय ती), एक गोळ्याची, एक दांड्याची. लायनरच्या पट्टीवर उत्पादकाचं नाव, रेफ क्रमांक (मालाचा क्रमांक), लॉट क्रमांक (कुठल्या खेपेतला ते), निर्जंतुकीकरणाची खूण आणि मुदतीची तारीख असते. ‘क्रॉसलिंक्ड’ हा शब्द कधी सरळ छापलेला असतो, कधी नावावरून सर्जनला कळतो. घरी नसेल तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत लेखी मागा, आणि लवकर मागा, जुने कागद कायम राहत नाहीत. २०१० मध्ये सगळ्यांनाच क्रॉसलिंक्ड बसत होती असं नव्हे, साधी पॉलीही चालू होती. गोळा धातूचा की सिरॅमिकचा तेही बघा. सिरॅमिकला सहसा चरे पडत नाहीत, आणि चरे पडलेला गोळा पॉलीला किसणीसारखा किसतो.

दुसरं, या महिन्यात सर्जनची वेळ घ्या. दोन्ही खुबे एकाच फिल्मवर येतील असा एक्स-रे ते सांगतील. जाताना २०१० आणि २०१३ च्या जुन्या फिल्म न्या, निदान शस्त्रक्रियेनंतरची पहिली तरी. हे महत्त्वाचं अशासाठी की पॉली एक्स-रेवर दिसतच नाही. दिसतो गोळा आणि दिसतं कवच, मधली काळी फट म्हणजे पॉली. गोळा कवचाच्या मधोमध असेल तर वरची आणि खालची फट सारखी. वरची अरुंद झाली असेल तर गोळा पॉलीत तेवढा वर सरकलाय. एकट्या फिल्मवरून हे नीट सांगता येत नाही, दोन शेजारी ठेवल्या की विद्यार्थ्यालाही कळतं. हाडात कुठे काळसर पोकळी वाटली तर ते सीटी स्कॅन सांगतील, एक्स-रे पोकळी आहे त्यापेक्षा लहान दाखवतो. पुढचे फोटो किती वर्षांनी, हे लायनर कुठला निघतो त्यावर ते ठरवतील. तुम्ही फक्त ‘दुखलं तर’ हे शब्द मान्य करू नका, वहीत तारीख लिहून घ्या.

दुखायच्या आधीच सांधा बदलावा का? फोटो चांगला असेल तर नाही. चांगला बसलेला सांधा निव्वळ वयावरून कुणी काढत नाही. त्या पाकिटांच्या प्रकरणातसुद्धा अमेरिकी नियामकांनी हेच सांगितलं की त्रास नसलेला सांधा काढू नका, लक्ष ठेवा. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी असते, जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त. १०० पैकी सुमारे ५८ सांधे २५ वर्षं टिकतात, असा २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला हिशेब आहे. त्यातले २५ वर्षांचे सांधे म्हणजे मुख्यतः जुन्या पॉलीचे, तुमच्या दिरांच्या काळातले. आणि समजा झीज दिसली, पण कवच हाडात घट्ट आहे, तर पुष्कळदा नुसतं लायनर आणि गोळा बदलून भागतं. हाड शाबूत असताना पकडलं तरच एवढ्यावर निभावतं, म्हणून फोटो.

मधल्या काळात जांघेत नवं दुखणं, खुर्चीतून उठून पहिलं पाऊल टाकताना कळ, पाय आखूड झाल्यासारखं वाटणं किंवा सांध्यातून खटखट असं काही सुरू झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. ताप आणि खुबा दुखणं एकत्र आलं तर त्याच दिवशी दाखवा.

आता चालणं. झीज वर्षांवर नाही, वापरावर अवलंबून असते, हे तुम्ही बरोबर पकडलंत. अर्धं चाललात तर कण अर्धे, गणित चूक नाही. पण क्रॉसलिंक्ड पॉलीत मुळात जे कण इतके कमी, त्यांच्या निम्म्यासाठी तुम्ही मांडीचे आणि नितंबाचे स्नायू गमावणार, तोल गमावणार. ६६ व्या वर्षी पडलात तर सांध्याच्या दांड्याभोवतीचं हाड मोडतं, आणि ते दुखणं झिजलेल्या वाटीपेक्षा कितीतरी वाईट. फोटो होईपर्यंतही पाऊण तास चाला, जिना चढा, कठडा धरून. उड्या, धावणं आणि पाय टोकाला वळवणाऱ्या बैठका मात्र विचारल्याशिवाय नकोत. काठावर मान आपटण्याचं वर सांगितलंच आहे.

राहिली डबीतली भुकटी. तुम्हाला वाटलं असेल की ती दिरांच्या खुब्यातून आली. तशी शक्यता कमी, वाटी धुऊनच दिली असणार. ती २००४ नंतर डबीतच पडलेली आहे. मूलकं संपल्याशिवाय ऑक्सिडेशन थांबत नाही, वाटी शरीरात आहे की कपाटात याने त्याला फरक पडत नाही. डबीत हवा आहे, वीस वर्षं ती वाटी तिथे म्हातारी होत राहिली आणि काठ आपोआप चुरत गेला. दिरांना सांगा, पाहुण्यांना दाखवताना काठाला धरून उचलू नका, तळाखाली बोट घालून उचला.